अर्पण आणि त्याची किंमत : मुंबईतील मराठी ख्रिस्ती उपासनेतील त्यागाचा अर्थ

प्रस्तावना

ख्रिस्ती उपासनेत 'अर्पण' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एका अर्थी तो देवासमोर ठेवलेल्या वस्तूचा किंवा पैशाचा वाचक आहे आणि दुसऱ्या अर्थी उपासकाने स्वतःला देवाच्या स्वाधीन करण्याचा. मराठी मंडळ्यांत या दोहोंना जोडणारा 'दानार्पण' असा जोडशब्द रूढ आहे. रविवारच्या उपासनेत गीत सुरू असताना दानाची थैली रांगेतून फिरते, पाळक ती हातात घेऊन प्रार्थना करतात आणि उपासना पुढे सरकते. हा सगळा विधी काही मिनिटांत आटोपतो. सवयीमुळे त्याकडे चर्चच्या खर्चाची तरतूद म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः यज्ञ, बली, त्याग आणि दान या चार कल्पनांचा दीर्घ इतिहास या काही मिनिटांत साठवलेला आहे, आणि मुंबईच्या गिरगाव ते दादर या पट्ट्यात त्या इतिहासाला स्वतःचे असे वेगळे वळण मिळाले आहे. प्रस्तुत लेखात त्या वळणाचा विचार केला असून 'वैयक्तिक त्याग' म्हणजे नेमके काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मध्यवर्ती ठेवला आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

हिब्रू भाषेत अर्पणासाठी 'कोरबान' हा शब्द आहे. त्याचा धातू 'जवळ येणे' या अर्थाचा आहे. मुंबईकरांच्या परिचयाचा 'कुर्बानी' हा अरबीतून आलेला शब्द त्याच कुळातला. म्हणजे मूळ कल्पनेत भर गमावण्यावर नसून जवळ जाण्यावर आहे. देणारा काही तरी गमावतो हे खरे, पण ते गमावणे हा हेतू नव्हे, मार्ग आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे या शब्दासाठी 'यज्ञ', 'बली' आणि 'अर्पण' असे तीन पर्याय होते आणि तिन्ही वापरले गेले. 'यज्ञ' म्हणताच वैदिक परंपरा आठवते, 'बली' म्हणताच गावदेवीसमोरचा बकरा. 'अर्पण' त्या मानाने सौम्य, म्हणून रोजच्या उपासनेत तोच टिकला. शब्द सौम्य झाल्याने अर्थही सौम्य झाला काय, अशी शंका मात्र घेता येते.

जुन्या करारातील दोन प्रसंग येथे महत्त्वाचे आहेत. पहिला दावीद राजाचा. देशावर मरी आली असता वेदी बांधण्यासाठी तो अरवनाचे खळे मागतो. अरवना जागा, बैल आणि लाकूड फुकट देऊ करतो. राजा ते नाकारतो, कारण ज्याला आपला काहीही खर्च पडला नाही असे अर्पण त्याला करावयाचे नाही. तो पन्नास शेकेल चांदी मोजून खळे आणि बैल विकत घेतो (२ शमुवेल २४). दुसरा प्रसंग मलाखीच्या पुस्तकातला. लोक आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर आणतात. असली जनावरे सुभेदाराला भेट म्हणून नेऊन पाहा, तो खूश होईल काय, असा संदेष्ट्याचा टोमणा आहे. दोन्ही ठिकाणी मुद्दा एकच : घरात नको असलेली वस्तू किंवा दुसऱ्याच्या खिशातली वस्तू अर्पण होऊ शकत नाही.

नव्या करारात ही कल्पना मूलतः बदलते. इब्री लोकांस पत्रानुसार ख्रिस्ताचा यज्ञ एकदाच आणि कायमचा झाला. त्यानंतर पापक्षालनासाठी बली देण्याचे कारण उरत नाही. प्रॉटेस्टंट पंथांनी याचा अर्थ असा लावला की उपासकाकडे आता फक्त उपकारस्तुती, परोपकार आणि स्वतःचे जीवन एवढेच अर्पण करण्यास शिल्लक राहते. कॅथलिक परंपरेने त्याच एका यज्ञाचे सान्निध्य मिस्सामध्ये मानले. १५६२ साली ट्रेंट परिषदेने ते सिद्धांतरूपाने मांडले, आणि १९६४ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक दस्तऐवजाने श्रद्धावंतांचे रोजचे कष्ट, संसार आणि सोसणे हेही त्या अर्पणाशी जोडले जाते असे सांगितले. ट्रामच्या, पुढे लोकलच्या आणि गिरणीच्या भोंग्याच्या वेळापत्रकावर जगलेल्या मुंबईतील उपासकाला हे दुसरे विधान विशेष जवळचे वाटावे.

विधवेच्या दोन नाण्यांची कथा (मार्क १२) दानविषयक प्रवचनांत हमखास येते. यरुशलेमच्या मंदिरात तुतारीच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या असे मिश्नामध्ये नोंदले आहे. श्रीमंतांची नाणी त्यांत खणखणत पडत असताना या बाईने तांब्याची दोन क्षुल्लक नाणी टाकली, आणि येशूने तिचे दान सर्वांत मोठे मानले, कारण इतरांनी उरल्यातून दिले व तिने होते ते सर्व दिले. येथपर्यंत कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्या अगदी आधीच्या ओवीत मात्र विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे, याकडे प्रवचनकारांचे दुर्लक्ष होते. १९८२ साली ॲडिसन राइट या अभ्यासकाने हा संदर्भ पुढे करून असा प्रश्न विचारला की, येशूचे उद्गार ही स्तुती आहे की विलाप. बाईचे दान थोर आहे, पण तिच्याकडून शेवटचे नाणे घेणारी व्यवस्था थोर आहे असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. राइट यांचे मत सर्वमान्य नाही. तथापि गरिबांच्या वस्तीत त्यागावर प्रवचन करणाऱ्याने ते वाचलेले असणे इष्ट.

गिरगाव, १८४३

मुंबईतील प्रॉटेस्टंट कार्याचा प्रारंभ अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली केला. त्याचे आद्य प्रचारक गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिक परिसरातील प्रवासात पटकीने वारले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल त्यापूर्वी पाच वर्षे मुंबईतच त्याच रोगाने गेले होते. परकीय प्रचारकांच्या या बलिदानावर मिशन साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. त्यागाच्या दृष्टीने अधिक विचारप्रवृत्त करणारे स्थळ म्हणजे गिरगावातील आंब्रोळी आणि वर्ष १८४३.

डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. त्यांच्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज विकसित झाले. मे १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि धनजीभाई स्वतःच्या इच्छेने विल्सन यांच्याकडे राहू शकतात असा निर्णय झाला. शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या एकाएकी घसरली. घर, वारसा आणि समाज यांना मुकणे हाच या तरुणांच्या दृष्टीने अर्पणाचा पहिला हप्ता होता. थैलीत टाकण्याजोगे त्यांच्याकडे दुसरे काय होते?

१८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाळकाची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, या वादातून ४७४ पाळकांनी आपले वेतन, निवासस्थान आणि चर्चची वास्तू सोडून फ्री चर्च स्थापन केले. या नव्या चर्चपुढे तात्काळ प्रश्न उभा राहिला तो पोटाचा. थॉमस चामर्स यांनी त्यासाठी निर्वाह निधीची योजना आखली. तिचा पाया श्रीमंतांच्या देणग्या नसून सामान्य सभासदाने दर आठवड्याला दिलेली एक पेनी हा होता. मोठ्या देणगीने दात्याचा वरचष्मा येतो, नियमित छोट्या दानाने मंडळी आपली मालक होते, हे चामर्स यांना नीट उमगले होते. विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे मुंबईतील संस्थेची मालमत्ता मूळ चर्चकडे राहिली आणि शाळा नव्याने उभी करावी लागली.

त्याच वर्षी त्याच मिशनच्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहू लागला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. धनजीभाईंच्या उलट श्रीपत अज्ञान ठरला आणि न्यायमूर्ती पेरी यांनी त्याला वडिलांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. ख्रिस्ती घरात जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना स्वतःला सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

या तीन घटना शेजारी ठेवल्या असता त्यागाच्या तीन पायऱ्या दिसतात. विल्सन यांनी सोडली ती संस्थेची मालमत्ता, नारायण शेषाद्रींनी सोडले ते घर. श्रीपतबाबत मात्र 'सोडले' हे क्रियापदच लागू पडत नाही, कारण ज्याला अजून होकार देता येत नाही त्याला त्यागही करता येत नाही, असे न्यायालयाने मानले. धर्मशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्याचा जो नाही तो त्याला अर्पिता येत नाही. न्यायमूर्ती आणि दावीद राजा येथे एकाच मुद्द्यावर येतात, हे मिशनरींना त्या वेळी रुचले नसावे.

पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद झाली. सनातनी समाजाने तीव्र विरोध केला. मिशनरींनी कायद्याचे स्वागत केले हे स्वाभाविक आहे. परंतु एक बारीक विसंगती नजरेआड करता येत नाही : सर्वस्वत्यागाचा महिमा सांगणाऱ्यांनाच त्यागाची सक्तीची किंमत कमी व्हावी असे वाटत होते. ती विसंगती वरवरची आहे. दुसऱ्याने हिरावून घेतले तर ती लूट, आपण ठेवून दिले तर ते अर्पण. कायद्याने लूट थांबवली, अर्पणाला हात लावला नाही.

त्याग कोणाचा, किंमत कोणाची?

मार्कच्या सातव्या अध्यायात येशूची एक कडक टीका आहे. काही लोक आपली मालमत्ता 'कोरबान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करीत आणि त्या सबबीवर वृद्ध आईबापांना पोसण्याचे टाळीत. ही टीका दानविषयक प्रवचनांत विधवेच्या नाण्यांइतकी ऐकू येत नाही. मराठी ख्रिस्ती जीवनात तिची आठवण करून देणारे सर्वांत समर्थ पुस्तक धर्मशास्त्राचे नव्हे, ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आहे.

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी उपासनेत आज गायिल्या जाणाऱ्या गीतांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भूमिका होती, आणि कर्जखते इंद्रायणीत बुडवणाऱ्या तुकोबांप्रमाणेच पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. समोर गरजू आला की घरात काय आहे याचा विचार ते करीत नसत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. टिळकांचा त्याग खरा होता, याविषयी कोणाचे दुमत नाही.

लक्ष्मीबाईंचे आत्मकथन १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी माहेरच्या माणसांत मुलाला घेऊन ताटातुटीचा काळ काढला, मग पतीकडे आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. पतीच्या दातृत्वाचे वर्णन त्या कौतुकाने करतात, पण त्या दातृत्वामागचा रिकामा डबाही वाचकाला दाखवतात. हे सारे त्या विनोदाने सांगतात, तक्रार म्हणून नव्हे, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. देणारा एक असतो, गमावणारे अनेक असतात. ज्यांचे गमावले त्यांना विचारले गेले होते काय, हा प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचताना टाळता येत नाही. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की जे त्यांच्यावर लादले गेले ते त्यांनी कालांतराने स्वखुशीने आपले केले. त्या क्षणापासून तो त्याग त्यांचा झाला, त्याआधी तो टिळकांच्या त्यागाचा परिणाम होता.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. खर्च बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या आश्वासनावर चालणार होता. पुढच्या वर्षी संस्था पुण्यास हलली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तीचा पसारा उभा राहिला. रमाबाईंनी दूरच्या दात्यांचे पैसे घेतले आणि त्यासोबत आलेला संशय, देखरेख व समाजाचा रोषही सोसला. पैसा दुसऱ्यांचा होता, आयुष्य त्यांचे होते. यांपैकी अर्पण कोणते, हे सांगण्यास अभ्यासकाची गरज नाही.

उपवासाचा हिशेब

१९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर आणि त्यांचे तीन सहकारी मुंबई बंदरात उतरले. आय. सी. एस. मधील नोकरीचा राजीनामा दिलेला हा अधिकारी फकीरसिंग हे नाव घेऊन भगव्या वस्त्रांत, अनवाणी हिंडू लागला. मुक्तिफौजेची वाद्यांसह निघणारी मिरवणूक पोलिसांना खपली नाही आणि टकर यांना तुरुंगवास घडला. साहेबाने देशी कपडे घालून भिक्षेवर राहावे, यात राज्यकर्त्या जातीची प्रतिष्ठाच अर्पण केली गेली होती. ती रुपयांत मोजता येत नाही, म्हणून तिची नोंद हिशेबवहीत सापडत नाही.

याच संघटनेत १८८६ साली 'स्वार्थत्याग सप्ताह' सुरू झाला. लंडनमधील एका सभेत जॉन कार्लटन या अधिकाऱ्याने वर्षभर जेवणानंतरचे पुडिंग सोडून वाचलेले पन्नास शिलिंग देण्याची तयारी दाखवली. एवढ्याशा कल्पनेतून जगभरचा निधी उभा राहिला. कल्पना वाटते तितकी नवी नव्हती. दुसऱ्या शतकातील रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवास करणाऱ्याने त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च मोजून तो विधवेला अथवा अनाथाला द्यावा, असे सांगितले आहे. उपवासाने नुसते पोट रिकामे राहिले तर तो आहारनियम होतो, वाचलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात गेले तर ती उपासना होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मुंबईतील कॅथलिक धर्मग्रामांत मांसाहार किंवा एखादी आवडीची गोष्ट सोडली जाते आणि गरिबांसाठी निधी गोळा होतो. दोन्हींचा हिशेब मात्र एकत्र क्वचितच मांडला जातो. बोंबील सोडून पापलेट खाणाऱ्याचा उपवास हा दादरच्या मासळीबाजारात विनोदाचा विषय होऊ शकतो, धर्मशास्त्रात तो गंभीर विषय आहे.

शेत नसलेल्या शहरातील हंगाम

ईस्ट इंडियन समाजाचा 'अगेरा' हा ऑक्टोबरमधील सण भाताच्या पहिल्या लोंब्यांचा. त्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि वाटायच्या. दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ सालची, त्या वेळी भोवती भातखाचरे आणि माडांच्या वाड्या असत. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागची शेते गिरण्या व चाळींखाली गेली. लोंबी बाहेरून आणावी लागू लागली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील हंगामाच्या सणालाही हेच लागू आहे. वेदीसमोर भाज्या, फळे, अंडी, घरी केलेले पदार्थ मांडले जातात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, टाळ्या पडतात आणि त्याच भोपळ्याचा पुन्हा लिलाव होतो.

या लिलावाकडे पाहताना दोन मते संभवतात. उजव्या हाताने केलेले डाव्या हाताला कळू नये या उपदेशाशी ही चढाओढ विसंगत आहे, हे एक. दुसरे असे की पगारावर जगणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला किंवा शिक्षकाला 'प्रथमफळ' म्हणजे काय हे समजण्याचा दुसरा मार्ग शहराने ठेवलेला नाही. महिन्याअखेरीस उरले तर देणे आणि पगार हाती पडताच पहिला भाग बाजूला काढणे, यांत रक्कम तीच असू शकते, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रथमफळाचे शास्त्र या क्रमात आहे. दशांशाची टक्केवारी त्या मानाने गौण होय, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला दहावा भाग जितका जड जातो तितका तो स्वतःचे घर असलेल्याला जात नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना मासेदोनियातील गरीब मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिल्याचे कौतुक केले आहे. मात्र लगेच असेही स्पष्ट केले आहे की, इतरांना आराम व तुम्हांला ओझे असा आपला हेतू नाही, समानता हा हेतू आहे. हा दुसरा भाग वाचला नाही तर पहिला भाग गरिबांना पिळण्याचे साधन होतो.

लालबागमध्ये गणेशोत्सवात नवस बोलणाऱ्यांच्या रांगा लागतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी, १९४८ पासून चालत आलेल्या नोव्हेनाला, सर्व धर्मांचे लोक येतात आणि मेणाचे हात, पाय, घर, बाळ वाहतात. नवस हा करार असतो : तू दे, मग मी देईन. अर्पणाची ख्रिस्ती कल्पना याच्या उलट क्रमाची आहे, कारण तीत देवाने आधीच दिले आहे आणि माणसाचे देणे हे उत्तर आहे. एवढे सांगून धर्मशास्त्र थांबू शकते, पण माणसे थांबत नाहीत. मेणाचे घर वाहणाऱ्या बाईला स्वतःच्या खोलीची आस असते आणि ती खोली मिळण्यासाठी ती नऊ बुधवार, कामावरून सुटल्यावर, गर्दीच्या लोकलमधून येते. त्या प्रवासाला व्यवहार म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ज्या वेळेवर तिचा स्वतःचा हक्क जेमतेम आहे ती वेळ तिने तेथे ठेवलेली असते, आणि मेणाची किंमत त्या मानाने फारच थोडी असते.

गिरगाव-दादरच्या जुन्या मंडळ्यांपुढे आता एक वेगळा प्रश्न आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आण्या-पैशांनी उभ्या राहिलेल्या वास्तूंखालची जमीन कोट्यवधींची झाली आहे, आणि रविवारी थैलीत पडणारी रक्कम त्या जमिनीच्या किमतीपुढे नगण्य आहे. वडिलोपार्जित अर्पणावर नवी पिढी उपासना करते. अरवनाचे खळे आता तिच्याच मालकीचे आहे. तेथे कोणते अर्पण करावयाचे हे ठरविण्यासाठी मंडळीच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडले जाते, आणि त्यात इमारत दुरुस्तीच्या रकमेखाली, बहुधा शेवटच्या काही ओळींत, गरजूंच्या मदतीचा रकाना असतो.